महामारीतलं हॉटेल ट्रेनिंग : कांदोळीतला एक हंगाम

हॉटेल मॅनेजमेंटच्या आमच्या कोर्समध्ये दुसऱ्या वर्षाचं एक अख्खं सेमिस्टर हॉटेलात काढावं लागतं. फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन आणि सर्व्हिस, या चार खात्यांत आलटून पालटून काम करायचं, रोज लॉगबुक लिहायचं, प्रत्येक खात्याच्या प्रमुखाकडून मूल्यमापनाचा फॉर्म भरून घ्यायचा आणि शेवटी रिपोर्ट व तोंडी परीक्षा. बाकीचे विषय घरी बसून वाचता येतात, हे येत नाही. त्यामुळे २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या बॅचच्या ग्रुपवर दुसरं काही बोललंच जात नव्हतं. आयटीचं, म्हणजे इंडस्ट्रियल ट्रेनिंगचं, काय होणार?

आमच्या घरात हा प्रश्न जरा जास्तच झोंबत होता. आम्ही गोव्यातल्या साखळी गावाकडचे. बाबांचा ट्रक खाणीवर चालायचा. २०१२ मध्ये खाणी एकदा थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं, म्हणजे खाणपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून ट्रक दारात उभा राहिला तो राहिलाच. २०१९ मध्ये मी बारावी झाले तेव्हा बाबांचा हिशेब सरळ होता. खाणीवर बंदी येते, पण समुद्रावर कोण बंदी घालणार? पोरीने हॉटेलात जावं. आईला ते फारसं रुचलं नव्हतं, कारण आमच्याकडे ‘हॉटेलात कामाला’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येतं. पण फी भरली गेली. मग मार्च २०२० आला आणि किनाऱ्यावर पोलीस उभे राहिले. बाबा त्या विषयावर पुढे कधी काही बोलले नाहीत.

आमच्या अर्ध्या बॅचचं ट्रेनिंग जुलै २०२० मध्ये सुरू व्हायचं होतं. नेहमीच्या वर्षी हॉटेलवाले कॉलेजात येतात, मुलाखती होतात, मुलं मुंबई-दिल्ली-बंगळूरची मोठी नावं पकडायला धडपडतात. त्या वर्षी कुणीच आलं नाही. गोव्यातली हॉटेलं २ जुलैपासून पर्यटन खात्याची परवानगी घेऊन उघडायला लागली, पण बाहेरून येणाऱ्याकडे ४८ तासांतलं निगेटिव्ह प्रमाणपत्र हवं, नाहीतर इथे आल्यावर चाचणी. असे पाहुणे किती येणार? हॉटेलांनी स्वतःचेच लोक बिनपगारी रजेवर घरी पाठवले होते, ट्रेनी कोण घेणार? कॉलेजने सेमिस्टरांची अदलाबदल केली. लेखी विषय आधी, ट्रेनिंग मागाहून.

मधल्या काळात प्रॅक्टिकलं घरून. नॅपकिन फोल्डिंगला आजीचं पातळ वापरलं. बेड मेकिंगचा व्हिडिओ आईच्या खाटेवर काढला. चादरीचा कोपरा ४५ अंशांत दुमडायचा, पण आमच्या गादीला कोपराच नव्हता, ती कापसाची, मधे फुगलेली आणि कडेला बसलेली. किचनच्या सरांनी ब्राऊन स्टॉक, म्हणजे भाजलेल्या हाडांचा अर्क, करायला सांगितला त्या दिवशी घरात श्रावण होता. मी कांदा-गाजर करपवून त्याचा फोटो पाठवला आणि सरांनी ‘गुड कलर’ असं लिहिलं. आमच्याकडे रेंज फक्त अंगणात तुळशीपाशी यायची, म्हणून सगळे तास तिथेच. सत्तरी तालुक्यातल्या मैत्रिणींपेक्षा माझं बरं होतं, त्यांना डोंगर चढावा लागायचा.

सप्टेंबरपासून सीमा खुल्या झाल्या, बार उघडले, नोव्हेंबरात कॅसिनो. आणि मग एक गंमत झाली. आतापर्यंत कॉलेज हॉटेलांना फोन करत होतं, आता हॉटेलंच कॉलेजला फोन करायला लागली. ट्रेनी आहेत का, लवकर पाठवता येतील का. आम्हाला तेव्हा आनंद झाला. का बोलावतायत ते नंतर कळलं. मे महिन्यात थिवी, करमळी, मडगाव इथून सुटलेल्या श्रमिक गाड्यांनी ओडिशा, बंगाल, झारखंडकडची पोरं गावी गेली होती, त्यांतली बरीच परतली नव्हती. जे स्थानिक होते त्यांतल्या अनेकांना पगार परवडत नाही म्हणून परत बोलावलं नव्हतं. आणि पाहुणे मात्र यायला लागले होते. परदेशात जाता येत नाही म्हटल्यावर दिल्ली, पंजाब, हैदराबाद, पुणे, सगळे गोव्याकडे वळले. या गणितात ट्रेनी फार सोयीचा पडतो.

मुलाखत व्हिडिओवर झाली. मी पाच मदर सॉस, रूमचे प्रकार, ‘अपसेलिंग म्हणजे काय’ असलं सगळं पाठ केलं होतं. विचारलं ते असं: घरी वयस्कर कोण आहे? रोज ये-जा चालणार नाही, स्टाफ रूमवर राहशील का? आधी कधी पॉझिटिव्ह आली होतीस का? हाउसकीपिंगला ना नाही ना? पाच-सात मिनिटांत संपलं. कांदोळीचं एक मध्यम आकाराचं रिसॉर्ट मिळालं.

मग कागद. कॉलेजचं पत्र, फिटनेस सर्टिफिकेट, विम्याची प्रत, आरटी-पीसीआर रिपोर्ट, मोबाइलवर आरोग्य सेतू, आणि पालकांचं हमीपत्र. या हमीपत्रावरून आमच्या घरात दोन दिवस वाद चालला. त्यात लिहिलं होतं की विद्यार्थिनी स्वखुशीने येत आहे, आजारी पडल्यास उपचाराच्या खर्चाची जबाबदारी पालकांची राहील, हॉटेल किंवा कॉलेज जबाबदार राहणार नाही. बाबांनी ते तीनदा वाचलं. म्हणाले, “खाणीवर कंत्राटदारसुद्धा मजुराकडून असं लिहून घेत नसे.” कॉलेजला फोन केला, तिकडून उत्तर आलं की सही नसेल तर जागा दुसऱ्याला जाईल आणि वर्ष लांबेल. शेवटी बाबांनी सही केली, पण सहीच्या वर पेनाने एक ओळ वाढवली: ‘कामाच्या जागी लागण झाल्यास हॉटेलने राहण्या-जेवणाची सोय करावी.’ हॉटेलच्या एचआरने ती ओळ वाचली की नाही, देव जाणे. पुढे ती उपयोगी पडली.

स्टायपेंडच्या रकान्यात जागा कोरी होती. विचारल्यावर कळलं, यंदा निम्मा. जेवण दोन वेळचं, राहणं फुकट.

जानेवारी २०२१ मध्ये मी रुजू झाले. स्टाफ रूम कांदोळीजवळच्या नेरुल गावात, एका खोलीत चौघी. सुरुवातीचे काही दिवस बाहेर पडायचं नाही, मग चाचणी, मग युनिफॉर्म. ओरिएंटेशनसाठी बसवलं तेव्हा सांगण्यात आलं की ट्रेनिंग मॅनेजरची जागा सध्या रिकामी आहे, काही लागलं तर हाउसकीपिंगच्या मॅडमना विचारा. रिसेप्शनवर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ‘साथी’ या कोविड-सुरक्षेच्या योजनेचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं, शेजारी सॅनिटायझर, समोर काचेची भिंत.

माझं रोटेशन कागदावर असं होतं: आधी हाउसकीपिंग, मग फ्रंट ऑफिस, मग किचन, मग सर्व्हिस, प्रत्येकाला सारखे आठवडे. मी हाउसकीपिंगला लागले आणि जवळजवळ तिथेच राहिले.

पहिली गोष्ट सांगायची तर त्या वर्षी सगळ्या हॉटेलचा भार याच खात्यावर होता. एरवी हाउसकीपिंग पडद्यामागचं खातं, पाहुण्याने पाहू नये असं. आता उलटं झालं. पाहुण्यासमोर पुसायचं, दारावर ‘सॅनिटाइज्ड’ची पट्टी चिकटवायची, लिफ्टची बटणं दर थोड्या वेळाने पुसताना दिसायला हवीत. कॉलेजात आम्ही टास्की या ब्रँडच्या सफाईच्या औषधांचे नंबर शिकलो होतो, आर-वन बाथरूमला, आर-टू जमिनीला, आर-थ्री काचेला, आर-सिक्स कमोडला. इथे त्या सगळ्यांच्या वर हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, येऊन बसलं होतं. बाजारात पाच टक्क्यांचं मिळतं, पुसायला एक टक्का लागतं, म्हणजे एक भाग औषध आणि चार भाग पाणी. कपड्यावर उडालं की पांढरा डाग, स्टीलच्या नळावर राहिलं की नळ काळवंडतो, म्हणून दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुन्हा पुसायचं.

हे मला मॅडमनी शिकवलं नाही, पेडण्याच्या एका ताईने शिकवलं. वीस वर्षं रूम अटेंडंट म्हणून काढलेली बाई. पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातातला आर-सिक्सचा डबा काढून घेतला. “बाय, हे आणि ब्लीच एका बादलीत कधी घालू नको. छाती भरून येते.” कमोडच्या क्लीनरमध्ये आम्ल असतं, ब्लीचशी मिसळलं की क्लोरीन सुटतो. ब्रीफिंगमध्ये हात कसे धुवायचे याचं चित्र रोज दाखवायचे, ही गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. त्याच ताईने मला चादर एका झटक्यात उलगडून मधली घडी पलंगाच्या बरोबर मध्यावर कशी पाडायची ते दाखवलं. मास्क, फेस शील्ड आणि हातमोजे घालून. शील्ड वाफेने भरायची, मग ती कपाळावर चढवायची, मग सुपरवायझर ओरडायचा, मग खाली. फेब्रुवारीतच अंगाचं पाणी व्हायचं.

आणि एसी. केंद्राच्या ४ जून २०२० च्या सूचनांनुसार एसी २४ ते ३० अंशांतच ठेवायचा होता. गोव्यात, दमट हवेत, पैसे भरून आलेल्या दिल्लीच्या माणसाला २४ अंश म्हणजे फसवणूक वाटते. दिवसाला निदान एक फोन याच विषयावर. मला एकाने विचारलं, “मॅडम, कोरोना क्या ठंडी में होता है?” उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मेंटेनन्सवाल्याने चुपचाप सेटिंग उतरवून दिली आणि तक्रारी थांबल्या.

पाहुणा गेला की खोली चोवीस तास रिकामी ठेवायची असा नियम होता. दारं-खिडक्या उघड्या, चादरी वेगळ्या पिशवीत. जानेवारीत तो पाळला गेला. कार्निव्हलच्या सुमारास हॉटेल भरलं आणि चोवीसाचे बारा झाले, मग चार, मग ‘बाय, ती दोनशे सात लवकर दे, गेस्ट लॉबीत बसलाय’. मी कुणाला दोष देत नाही. दहा महिने बंद राहिलेलं हॉटेल, शनिवारी खोल्या विकल्या जातायत, कोण चोवीस तास कुलूप लावून ठेवेल? पण दारावरची पट्टी आम्ही तशीच चिकटवत होतो, आणि चिकटवणारा हात माझा होता.

पुस्तकात लिहिलंय की एक अटेंडंट एका पाळीत चौदा ते सोळा खोल्या करतो. ट्रेनीने त्याच्या मागे उभं राहून शिकायचं असतं. आमच्या मजल्यावर पुढे उभं राहायला माणूसच नव्हता. ताईची पाळी दुसऱ्या मजल्यावर लागली की तिसरा मजला आम्ही दोघी ट्रेनी सांभाळायचो. फरक एवढाच की ताईला पगार होता. ओव्हरटाइमचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: “तुम्ही शिकायला आलात ना?” आणि किचनला कधी जायचं विचारलं की दुसरं ठरलेलं उत्तर: “सिझन संपू दे.” एकाच माणसाच्या तोंडची ही दोन वाक्यं मी आळीपाळीने ऐकत होते.

फ्रंट ऑफिस मिळालं ते असं की शनिवार-रविवारी गेटवर थर्मल गन घेऊन उभं राहायचं. चेक-इनला वेलकम ड्रिंक बंद, बाटलीबंद पाणी. बॅगांवर फवारा मारायचा, त्यावरून भांडणं व्हायची, बॅगा महागड्या असायच्या. कॉलेजात शिकवलं होतं की पाहुण्याकडे बघून हसावं. मास्कमागचं हसू कुणाला दिसणार? मग मी मान किंचित जास्त झुकवायला शिकले. मास्क लावा म्हणून सांगणं सगळ्यांत अवघड. “गोवा में कोरोना कहाँ है?” हे वाक्य मला इतक्या भाषांच्या ढंगात ऐकायला मिळालं की मी नुसत्या सुरावरून गाव ओळखायला लागले. आमच्यावरचा कॅप्टन म्हणायचा, गेस्टला नाही म्हणू नकोस. सरकारी बोर्ड म्हणायचा, मास्कशिवाय प्रवेश नाही. दोघांच्या मधे उभी मी, कॉलेजच्या नावाचा बिल्ला लावून.

किचनमध्ये मोजके दिवस मिळाले. बुफे म्हणजे पाहुण्याने हाताने घ्यायचं नाही, पलीकडून आम्ही वाढायचं. मेन्यू निम्म्यावर आलेला, क्यूआर कोडवर. शेफ चांगला माणूस होता, पण त्याच्याकडेही माणसं नव्हती. मी कांदा चिरला, कोथिंबीर निवडली, पार्सलचे डबे भरले. एकदा मात्र त्याने दुपारच्या निवांत वेळेत मला फिश स्टॉक लावायला बसवलं. माशाची हाडं जास्त उकळली तर कडवट होतात, वीस-पंचवीस मिनिटांवर गाळून घ्यायचं, हे माझ्या हातांनी केलं. घरच्या करपलेल्या गाजराची भरपाई तेवढी एकदा झाली.

लॉगबुकात रोज एक रकाना भरायचा असतो, आज नवीन काय शिकलात. पहिले काही आठवडे मी भरभरून लिहिलं. मग ‘चेक-आउट रूम्स’, मग ‘वरीलप्रमाणे’. सरांचा व्हिडिओ कॉल महिन्यातून एकदा व्हायचा, त्यात लॉगबुक कॅमेऱ्यासमोर धरायचं. एकदा मी सरळ सांगितलं की रोटेशन होत नाहीये. सर बिचारे गप्प झाले. म्हणाले, “यंदा हॉटेल मिळालं हेच खूप आहे, सांभाळून घे.” खरंही होतं ते. आमच्यातल्या काहींना हॉटेलच मिळालं नव्हतं, त्यांचं अर्धं ट्रेनिंग असाइनमेंटांवर भागवलं गेलं.

एप्रिलमध्ये हवा पालटली. बुकिंग रद्द व्हायला लागली. २१ एप्रिलपासून रात्रीची संचारबंदी, २९ ला संध्याकाळी लॉकडाऊन सुरू झाला तो ३ मेपर्यंत. आमच्या खोलीतली एक मुलगी तापली, वास गेला. चाचणी पॉझिटिव्ह. एचआरचं पहिलं म्हणणं होतं की तिला घरी न्या. घर तिचं सिंधुदुर्गात, घरात दोन म्हातारी माणसं. तेव्हा मी बाबांची ती पेनाने लिहिलेली ओळ आठवून माझं हमीपत्र काढायला लावलं. कायद्याने त्याला काय किंमत होती माहीत नाही, शिवाय ते तिचं नव्हतंच. पण जनरल मॅनेजरने ते वाचलं आणि तळमजल्यावरची एक रिकामी गेस्ट रूम तिला दिली. आम्ही तिघी दुसऱ्या खोलीत बंद. ऑक्सिमीटर, गोळ्या यांचं सरकारी किट आलं. तिच्या दाराशी ट्रे ठेवून दार वाजवायचं आणि मागे सरायचं, ही रूम सर्व्हिस आम्ही पाहुण्यांसाठी रोज करतच होतो.

मग मेचे ते दिवस आले, बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या बातम्यांचे. पहाटे ऑक्सिजनचा दाब कमी होतो, माणसं जातात, उच्च न्यायालयात रोज सुनावणी. आमच्या ताईचा दीर त्यांतच गेला. ती पुन्हा ड्यूटीवर आली तेव्हा तिच्याशी काय बोलावं ते मला कळेना, तिनेच चादरींची ट्रॉली पुढे ढकलली आणि म्हणाली, चल. कॉलेज सांगत होतं घरी या, हॉटेल सांगत होतं अडकलेले पाहुणे आहेत, थोडं थांबा, आणि आठवडे पुरे व्हायला अजून थोडे बाकी होते. शेवटी ९ मेपासून संचारबंदी लागली तेव्हा हॉटेलनेच सोडलं. निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन बाबांच्या स्कूटरवरून मी घरी आले आणि मागच्या पडवीत वेगळी राहिले, आजीमुळे. उरलेल्या आठवड्यांच्या बदली केस स्टडी लिहून द्यायची होती. १६ मेला तौक्ते वादळ आलं, वीज गेली ती लवकर येईना, तेव्हा रिपोर्टचा मोठा भाग मी हातानेच लिहिला.

मूल्यमापनाचे चारही फॉर्म मात्र भरून आले. चार खाती, चौघांच्या सह्या, सगळीकडे जवळपास सारखेच गुण. सर्टिफिकेटवर चारही खात्यांची नावं ओळीने छापलेली आहेत. ते वाचून कुणालाही वाटेल की मी प्रत्येक ठिकाणी बरोबरीचा काळ काढला. आता ज्युनियर मुली विचारतात तेव्हा मी एवढंच सांगते की रोटेशनचं वेळापत्रक जॉइन होण्याआधी लेखी मागा, तारखांसकट, आणि त्याची प्रत कॉलेजला पाठवा. मिळेलच असं नाही. पण न पाळल्यावर दाखवायला कागद असतो.

शेवटच्या वर्षी नोकरीच्या मुलाखती झाल्या. आमच्या बॅचकडे सगळे जरा संशयानेच बघत होते, ऑनलाइनवाली पोरं म्हणून. पॅनेलवरच्या बाईंनी माझं सर्टिफिकेट चाळलं आणि काही न विचारता शेजारच्या मॉडेल रूममध्ये नेलं. म्हणाल्या, पलंग कर. मी केला. त्यांनी कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला, उशीची शिवण बघितली, घड्याळ पाहिलं. “हाउसकीपिंग पक्कं आहे. मग किचनचं प्राधान्य का लिहिलंयस?”

मी म्हटलं, “तिथे मला अजून कुणी शिकवलेलं नाही म्हणून.”

त्या हसल्या. ऑफर लेटर हाउसकीपिंगचंच आलं.